देवगिरीची मिठाची पोती

आपल्या सोसायटीच्या सहलीला आलेल्यांना देवगिरीची अंधारी नक्की आठवत असेल. हातात मोबाइलचे टॉर्च, तरी आपण एकमेकांचे हात धरून पायऱ्या चढलो!

१२व्या शतकात यादव राजा भिल्लम पाचवा याने इथे राजधानी केली. आजही डोंगराचे तासलेले कडे सरळसोट उभे आहेत, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक आहे. असा किल्ला लढून घ्यायचा कसा?

पण १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि रामदेवरायाला तह करावा लागला. मोठं सैन्य बाहेर गेलेलं, राजा किल्ल्यात कोंडला गेलेला. धान्य समजून घाईघाईने पोती आत नेली, ती उघडली तर मीठ निघालं! तीनशे वर्षांनी फिरिश्ता या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली. म्हणजे कडा शाबूत होता. पोतं उघडून बघायचं तेवढं राहिलं.

आज तिथले वाडे पडलेत, कडा तसाच आहे. तो बघताना मला आपल्या मीटिंगा आठवल्या. मी कमिटीवर असताना इमारतीच्या रंगावरून आपण तासन्‌तास भांडलो. गच्चीवरच्या टाकीत मात्र कुणी डोकावलं नव्हतं, मीही नाही. सहलीहून परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघे-तिघे टाकीत उतरलो. तळाशी चार बोटं गाळ होता.

आता टाकी स्वच्छ आहे. दर सहा महिन्यांनी झाकण उघडून बघायचं, एवढं पुढच्या कमिटीला सांगणं.