देवाचा दरबार आणि मराठी मंडळीचा आठवडा

मराठी ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या उपासनेत एक भाग असा असतो की ज्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. गायन, वाचन, प्रवचन व दानार्पण यांच्या मागेपुढे कोणी पंच किंवा चिटणीस उभा राहतो आणि येत्या आठवड्याच्या सूचना वाचतो. बुधवारची प्रार्थनासभा कोणाच्या घरी, महिला मंडळ किती वाजता, शब्बाथ शाळेच्या मुलांची पाठांतराची परीक्षा केव्हा, हंगामाची उपकारस्तुती कोणत्या रविवारी, नाताळच्या भजनाच्या तालमीला कोणी यावयाचे, असा तो मजकूर असतो. वरवर पाहता तो क्षुल्लक होय. परंतु मंडळी काय मानते हे जसे तिच्या मतपत्रिकेवरून कळते, तसे मंडळी कोणाची आहे, तिचा खर्च कोण करतो आणि तिच्यात कोणाला आत घेतले जाते, हे या सूचनांवरूनच कळते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली आरंभिलेल्या ‘देवाचा दरबार’ या प्रयोगाचे मूल्यमापन आजवर बहुधा त्यातील कल्पनेच्या उंचीवरून झाले आहे. ते मंडळीच्या आठवड्याच्या मापाने करून पाहिले असता निष्कर्ष काहीसा निराळा निघतो.

या विचारास वऱ्हाडातून आरंभ करण्याचे कारण आहे. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना सुमारे १० किलोमीटरवर पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. महाराष्ट्राला हे गाव माहीत आहे ते एका मृत्यूमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांनी मठ स्थापून गादी चालविली नाही, कोणाला शिष्य म्हणून दीक्षा दिली नाही. दिवसा खराट्याने गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावयाचे, एवढाच त्यांचा उपक्रम. श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत चालणारे ते कीर्तन ऐकावयास बसताना कोणाचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, हे पाहिले जात नसे. धर्मोपदेशकाची वऱ्हाडी माणसाच्या मनातील कसोटी या परंपरेने घडविली आहे. त्याने आपल्या भाषेत बोलावे, आपल्या खर्चाने यावे आणि बोलल्याप्रमाणे काम करावे. मिशनच्या पगारावर काम करणारा उपदेशक या कसोटीला कसा उतरणार, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीपुढे पहिल्यापासून होता.

वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. कापसाचा व्यापार व आगगाडी यांच्या मागोमाग मिशनेही आली. अकोला, खामगाव, अमरावती या भागात अमेरिकन अलायन्स मिशन, यवतमाळात फ्री मेथॉडिस्ट, मेळघाटाच्या पायथ्याशी कोरकूंमध्ये काम करणारे मिशन, अशी साधारण वाटणी झाली. परतवाड्याजवळील कोठारा येथील कुष्ठरुग्णालय याच परंपरेतील होय. अकोल्याच्या मार्कस फुलर यांच्या पत्नी जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या हालअपेष्टांवर लिहिलेले पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले व त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना लाभली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या मिशनांच्या अनाथाश्रमांत मुले आणून सोडली, आणि वऱ्हाडातील अनेक मंडळ्यांची पहिली पिढी या मुलांतून उभी राहिली. शाळा, वसतिगृह, नोकरी, लग्न, सारे मिशनच्या आवारात. अशा मंडळीच्या सूचना मिशनच्या बंगल्यात ठरत, यात नवल नाही.

टिळकांच्या आयुष्याला वळण मिळाले ते या वऱ्हाड-मध्यप्रांताच्या पट्ट्यातच. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले आणि जाताना त्याने बायबलची प्रत हाती ठेवून, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना त्याचे नावही त्या वेळी कळले नाही. हा प्रवासी म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड होत, असे पुढे ठरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकितातील दोन वर्षे जवळजवळ बरोबर भरली! तथापि वॉर्ड यांच्या मिशनात न जाता टिळक अमेरिकन मराठी मिशनकडे गेले व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

नगरची परिस्थिती वऱ्हाडापेक्षा वेगळी होती. अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्येच मुंबईस उतरले होते, १८३१ पासून नगर हे त्यांचे ठाणे होते, आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ चालू होता. या मिशनची चर्चव्यवस्था प्रत्येक मंडळीला स्वतंत्र मानणारी असल्याने मराठी पाळक, मराठी पंच आणि मंडळीच्या वर्गणीतून चालणारा खर्च यांची चर्चा तेथे लवकर सुरू झाली. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी १८६० नंतरच्या काळात ख्रिस्ती कीर्तनाला रूप दिले. टिळक आले तेव्हा जमीन नांगरलेली होती. त्यांनी तीत पेरणी केली ती अभंगांची, पदांची आणि भजनांची. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मराठी उपासनेतील गीतसंग्रहाचा मोठा भाग एकट्या टिळकांच्या लेखणीतून उतरला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

बावीस वर्षांच्या सेवेनंतर १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. भांडण होऊन ते बाहेर पडले नाहीत; मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला. त्यांचे म्हणणे असे होते की, हिंदुस्थानाला ख्रिस्त हवा आहे, परंतु तो परदेशी संस्थेच्या पगारपत्रकातून त्याच्याकडे येऊ शकत नाही. साताऱ्यास त्यांनी आश्रमवजा ठाणे केले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ ही संस्था, किंवा त्यांच्या मनातील शब्द घ्यावयाचा तर बिरादरी, जाहीर केली. तिचे मुख्य वैशिष्ट्य असे की, बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तिचे सारखेच सभासद. ख्रिस्ताला गुरू मानणे एवढीच अट. मंडळीच्या उंबरठ्यावर उभे राहून आत पाहणाऱ्यांना टिळकांनी या एका नियमाने आत बसविले.

ही कल्पना एकट्या टिळकांची नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. मद्रासमध्ये पुलनी अँडी यांनी १८८६ साली ‘राष्ट्रीय चर्च’ काढले होते. कलकत्त्यात कालीचरण बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांनी १८८७ मध्ये ‘ख्रिस्तो समाज’ स्थापिला. १९१५ मध्ये कंदस्वामी चेट्टी यांनी मद्रासच्या मिशनऱ्यांसमोर, आपण ख्रिस्ताचे शिष्य असूनही बाप्तिस्मा का घेत नाही, याचे निवेदन केले होते. या साऱ्या प्रयत्नांत एक साम्य आहे: त्यांचे प्रवर्तक उच्चशिक्षित होते, त्यांतील बरेच उच्चवर्णीय होते, आणि त्यांना छळणारा प्रश्न हा मुख्यतः त्यांच्याच वर्गाचा होता.

दरबार अल्पायुषी का ठरला, याचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. हे उत्तर अपुरे आहे. संस्थापक लवकर गेला म्हणून प्रत्येक संस्था मोडत नाही. खरे कारण बाप्तिस्म्याच्या सामाजिक अर्थात शोधावे लागते. ब्राह्मण जिज्ञासूच्या दृष्टीने बाप्तिस्मा म्हणजे घर, आईबाप, कित्येकदा पत्नी व मूल यांचा वियोग. स्वतः टिळकांनी तो भोगला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून कित्येक वर्षे दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अशा माणसाला बाप्तिस्म्यावाचून सभासदत्व मिळणे ही फार मोठी सोय होती. परंतु नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही हानी नसून मिळकत होती. त्याच्याबरोबर नवे नाव येई, मुलाला शाळा मिळे, आणि चावडीपुढे खाली बसणारा माणूस प्रभुभोजनाच्या मेजाशी इतरांच्या बरोबरीने बसे. बाप्तिस्मा घेतलेला व न घेतलेला सारखाच, असे त्याला सांगणे म्हणजे त्याने मोठ्या किमतीने मिळविलेली वस्तू फुकट वाटण्यासारखे होते. पगाराचेही तसेच. टिळकांनी पगार सोडला, यात त्याग होता. खेड्यातील मिशन-मास्तराला पगार सोडा म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा गावकीच्या दारात उभे करणे होते. दरबाराच्या औदार्यात ही उणीव होती, आणि टिळकांच्या चरित्रकारांनी तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

दुसरे कारण अधिक साधे आहे. दरबाराला आठवडा नव्हता. दरबाराने मागे ठेवले ते प्रामुख्याने टिळकांचे लेखन व त्यांच्या सहवासाची आठवण. ज्याच्या आधाराने पाचपन्नास कुटुंबे टिळकांवाचून पुढल्या रविवारी एकत्र जमतील अशी व्यवस्था उभी राहिली नाही. येथे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनशी तुलना उद्बोधक ठरते. रमाबाईही कोणत्या एका मिशनच्या चाकर नव्हत्या. त्यांनीही दुष्काळात मध्यप्रांतातून निराधार मुली आणल्या. परंतु मुक्तीत घंटा होती, शेत होते, विणकाम होते, छापखाना होता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावयाचे हे तेथील प्रत्येकीला ठाऊक होते. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये छापून पुरे झाले, आणि संस्था आजही चालू आहे. टिळक स्वभावाने अशा व्यवस्थेचे नव्हते. हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत कोणाला तरी देऊन मोकळे होणाऱ्या या माणसाचा संसार कसा चालला, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त असे सांगितले आहे की वाचणारा हसत हसत गंभीर होतो.

तथापि दरबार मोडला म्हणून टिळकांचे काम मोडले असे नाही. ज्या गोष्टींना वेगळ्या संस्थेची गरज नव्हती त्या इतरांच्या आठवड्यात जाऊन बसल्या. ‘ख्रिस्तायना’चे टिळकांच्या हातून झाले होते जेमतेम दहा-अकरा अध्याय, लक्ष्मीबाईंनी पुढील सारे रचून १९३८ मध्ये ते पूर्ण केले. १९२२ मध्ये सुरू झालेल्या ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापक जॅक विन्स्लो यांनीच पुढल्या वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, यावरून आश्रमाची कल्पना कोणत्या वाटेने पुढे गेली हे दिसते. आणि त्यांची भजने नगरच्या उदार मताच्या मंडळ्यांप्रमाणेच वऱ्हाडातील अधिक कर्मठ मताच्या मंडळ्यांतही रूढ झाली. बाप्तिस्म्याविषयीचे टिळकांचे मत ज्यांनी मुळीच मान्य केले नसते, त्यांनीच त्यांची पदे पाठ केली.

सभासदत्वाचा मूळ प्रश्न मात्र सुटला नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंघटनांच्या ऐक्यातून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा वऱ्हाडातील अलायन्स व फ्री मेथॉडिस्ट मंडळ्या बाहेर राहिल्या. एकमेकांचे बाप्तिस्मे व पाळकपदे मान्य करण्यावर त्या ऐक्याच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे अडल्या होत्या. बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याचे काय, हा प्रश्न विषयपत्रिकेवर यावयाचाच नव्हता. दरम्यान शासनाने या विधीला नवा अर्थ दिला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे स्थान हिंदूंपुरते ठेवले. त्यात शिखांचा समावेश १९५६ मध्ये व बौद्धांचा १९९० मध्ये झाला, ख्रिस्ती अद्यापि बाहेर आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यावर विदर्भातील महार समाज मोठ्या संख्येने त्या मार्गाने गेला. म्हणजे टिळकांच्या काळी ज्याला बाप्तिस्मा ही मिळकत होती, त्यालाच पुढे त्याची किंमत सवलतींच्या रूपाने मोजावी लागली. दरबाराचा नियम ज्या वर्गाला १९१७ मध्ये निरुपयोगी वाटला असता, त्याच वर्गातील ख्रिस्तशिष्याला तो आता निराळ्या कारणाने जवळचा वाटू शकतो. हे टिळकांनी कल्पिलेले नव्हते.

वऱ्हाडी मंडळीचा आठवडा मात्र हळूहळू तिच्या हाती आला. परदेशी मिशनऱ्यांची संख्या स्वातंत्र्यानंतर घटत गेली, पाळकाचे वेतन व इमारतीची डागडुजी वर्गणीवर आली, आणि हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार निव्वळ विधी न राहता जमाखर्चाचा दिवस झाला. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसे, कापसाची बोंडे, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोणाच्या घरची कोंबडी असे जे येते त्याचा उपासनेनंतर लिलाव होतो. बोली लावणाऱ्यांत शेजारचे, मंडळीच्या वहीत नाव नसलेले लोकही असतात, आणि त्यांना कोणी अडवीत नाही. लिलाव संपेपर्यंत तबला-पेटीवर भजन चालू असते, ते पुष्कळदा टिळकांचे. चिटणीस रक्कम मोजतो, वहीत लिहितो आणि पुढल्या रविवारच्या सूचनांत वाचून दाखवितो.