विल्सन रोग

विल्सन रोग हा शरीरातील तांब्याच्या चयापचयाचा आनुवंशिक विकार आहे. या रोगात यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात आणि पुढे मेंदू, डोळे, मूत्रपिंडे इत्यादी अवयवांत साचते. लंडनमधील चेतातज्ज्ञ सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले. सुमारे ३०,००० व्यक्तींमागे एकाला तो होतो असे मानले जाते. उपचारांअभावी तो प्राणघातक ठरतो. मात्र वेळीच निदान झाल्यास औषधांनी आटोक्यात ठेवता येतो.

कारण

तेराव्या गुणसूत्रावरील 'एटीपी७बी' या जनुकातील दोषामुळे हा रोग होतो. हे जनुक १९९३ मध्ये ओळखले गेले. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच रोग होतो. एकच सदोष जनुक असलेली व्यक्ती वाहक असते व सहसा निरोगी राहते. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाहाची रूढी आहे. अशा जवळच्या नात्यातील विवाहांत दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते.

लक्षणे

लक्षणे बहुधा ५ ते ३५ या वयात दिसू लागतात. मुलांमध्ये यकृताची लक्षणे प्रामुख्याने आढळतात : कावीळ, थकवा, पायांवर सूज, जलोदर व सिरोसिस. कधीकधी तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो किंवा यकृत अचानक निकामी होते. सुरुवातीची कावीळ आपोआप उतरू शकते. त्यामुळे ती साधी कावीळ समजली जाते, झाडपाल्याच्या औषधाला गुण आला असे वाटते आणि मूळ रोग वाढत राहतो.

तरुणांमध्ये हातांना कंप, अडखळते बोलणे, लाळ गळणे, स्नायूंचा ताठरपणा व हस्ताक्षर बिघडणे ही लक्षणे दिसतात. चिडचिड, नैराश्य, अभ्यासातील घसरण यांनीही रोगाची सुरुवात होऊ शकते.

निदान

कोणतीही एकच चाचणी सर्व रुग्णांत निर्णायक ठरत नाही.

नेत्रतपासणी : पारपटलाच्या कडेला तांबे साचून सोनेरी-तपकिरी कडे दिसते. त्याला 'कायसर-फ्लायशर कडे' म्हणतात. ते पाहण्यासाठी स्लिट लॅम्पने तपासणी करावी लागते. मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांत ते आढळते. केवळ यकृतविकार असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांत ते नसते.

रक्ततपासणी : सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाचे प्रमाण २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास संशय बळावतो. दाह किंवा गर्भारपणामुळे ते वाढून सामान्य भासू शकते, तर कुपोषणात व काही वाहकांतही ते कमी असते.

मूत्रतपासणी : २४ तासांच्या लघवीतील १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक तांबे रोगसूचक असते. मुलांमध्ये ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक प्रमाणही संशयास्पद मानतात.

इतर चाचण्या : यकृताच्या तुकड्यातील तांबे, मेंदूचे एमआरआय व जनुकीय चाचणी यांची मदत घेतली जाते. २००१ च्या लाइपझिग येथील परिषदेत ठरलेल्या गुणांकन पद्धतीत ४ किंवा अधिक गुण मिळाल्यास निदान पक्के मानतात.

रुग्णाची भावंडे निरोगी दिसत असली तरी त्यांची तपासणी आवश्यक असते. रोगाची तीव्रता मोजण्यासाठी मुंबईतील अनु अग्रवाल, मोहित भट्ट व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली.

भारतीय बाल सिरोसिसशी फरक

लहान मुलांच्या यकृतात तांबे साचण्याचा आणखी एक विकार भारतात आढळत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि ब्रिटनमधील स्टुअर्ट टॅनर यांनी १९८०च्या दशकात त्याचा अभ्यास केला. पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापवलेले व साठवलेले दूध तान्ह्या बाळांना पाजण्याशी त्याचा संबंध त्यांनी दाखवला. अशी भांडी मागे पडल्यावर हा विकार दुर्मीळ झाला. विल्सन रोग मात्र भांड्यांमुळे होत नाही आणि भांडी बदलून बरा होत नाही.

उपचार

पेनिसिलामाइन व ट्रायेंटीन ही औषधे लघवीवाटे तांबे बाहेर काढतात. जस्ताचे क्षार आतड्यातील शोषण रोखतात. पेनिसिलामाइनचा वापर जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये मांडला. उपचार जन्मभर घ्यावे लागतात; बरे वाटले म्हणून औषध थांबवणे जिवावर बेतू शकते. यकृत निकामी झाल्यास यकृत प्रत्यारोपण करतात.