रेनी पॉवेल: पहिली, दुसरी आणि मैदानाची मालकी

एप्रिल जवळ आला की आमच्या वस्त्यांत सत्काराचे फलक लागतात. समाजातला पहिला अमुक, समाजातली पहिली तमुक. सत्कार व्हायलाच हवेत, त्याला आमचा विरोध नाही. पण पहिलीनंतर दुसरी किती वर्षांनी आली, तिसरी आली की नाही, हे कोणी विचारत नाही. आम्हाला हा प्रश्न पडला तो अमेरिकेतल्या रेनी पॉवेल या कृष्णवर्णीय गोल्फपटूचा इतिहास वाचताना.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, आपला काय संबंध, असे काही कार्यकर्ते म्हणतील. संबंध जमिनीचा आहे. गोल्फच्या मोठ्या मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन लागते. ज्याची जमीन त्याचा क्लब आणि ज्याचा क्लब त्याचे नियम. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीए या संघटनेने 1934 साली आपल्या घटनेतच कलम घातले की सभासदत्व फक्त गोऱ्यांना. ते कलम 1961 पर्यंत टिकले. मनुस्मृती फक्त संस्कृतमध्येच लिहिली जाते असे नाही!

रेनीचे वडील बिल पॉवेल दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. इंग्लंडमध्ये तैनात असताना तिथल्या मैदानांवर ते गोल्फ खेळले. युद्ध जिंकून ओहायोत परतले, तर मायदेशातली मैदाने त्यांना बंद. माजी सैनिकांना सरकारी हमीवर मिळणारे कर्जही नाकारले गेले. शेवटी दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी भागीदारीत पैसे घातले, भावाने घर गहाण टाकले आणि 1946 साली ईस्ट कँटन येथे 78 एकरांचे जुने शेत विकत घेतले. बिल रात्री कारखान्यात पहारा करायचे आणि दिवसा शेतातले दगड वेचून हाताने गवताचे बी पेरायचे. पत्नी मार्सेला सोबतीला होती. 1948 साली नऊ होलचे क्लिअरव्ह्यू मैदान सुरू झाले. कृष्णवर्णीय माणसाने स्वतः आखलेले, स्वतः बांधलेले, स्वतःच्या मालकीचे. आणि ते सर्व वर्णांच्या लोकांना खुले होते, हे विशेष.

1946 हे साल आपल्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. जात आणि वंश एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या दाराशी किती काळ ताटकळायचे, या प्रश्नाला दोन्हीकडे मिळालेले उत्तर सारखे आहे.

रेनीचा जन्मही 1946 चाच. तिसऱ्या वर्षी वडिलांनी तिच्या हातात गोल्फची काठी दिली. 1967 साली ती महिलांच्या व्यावसायिक एलपीजीए स्पर्धांत उतरली. तिच्याआधी तिथे पोहोचलेली एकच कृष्णवर्णीय स्त्री होती, 1957 आणि 1958 ची विम्बल्डन विजेती अल्थिया गिब्सन. 1964 साली एलपीजीएत आलेल्या त्या जगज्जेतीला क्लबहाऊसमध्ये प्रवेश नसल्याने मोटारीत कपडे बदलावे लागत. एलपीजीएच्या घटनेत गोऱ्यांपुरते असे कलम नव्हते. नुसत्या कागदाने काय होते, हे राज्यघटनेच्या 17 व्या कलमानंतरची वर्षे पाहिलेल्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

रेनीला हॉटेलांनी खोल्या नाकारल्या. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. काही गोऱ्या सहकारी खेळाडू तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, हेही नोंदवले पाहिजे. तेरा वर्षांत ती अडीचशेहून अधिक स्पर्धा खेळली. एलपीजीएची एकही जिंकली नाही. तिचा व्यावसायिक विजय 1973 सालचा, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा. आकडे पाहून 'मेरिट'वाले तिला सामान्य ठरवतील. रात्री खोली मिळेल की नाही आणि सकाळी मैदानावर गोळी तर येणार नाही, या विचारात असलेली खेळाडू आणि निश्चिंत झोपून उठलेली खेळाडू यांना एकाच फूटपट्टीने मोजणारे मेरिट आम्हाला मान्य नाही.

1980 साली तिने स्पर्धा सोडल्या. एलपीजीएत तिसरी कृष्णवर्णीय स्त्री, लारी शुग, आली ती 1995 मध्ये. पहिली झाली, दुसरी झाली, आणि दार पुन्हा लोटले गेले.

आपल्याकडचे बाळू पालवणकर आठवा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चर्मकार समाजातला गोलंदाज. पुण्यात त्याला चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. चेंडू चालत होता, कप चालत नव्हता! हिंदू संघाला त्याने सामने जिंकून दिले, पण कर्णधारपद दिले गेले नाही, कारण जिमखाना त्याचा नव्हता. आज आमच्या वस्तीतली मुलगी जिल्हा पातळीवर धावते तेव्हा आपण तिला शाल देतो. ती सरावाला कोणाच्या मैदानावर जाते आणि तिथला पहारेकरी तिला काय विचारतो, हे मात्र आपल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर नसते. जयंती मंडळांनी याचे उत्तर द्यावे.

स्पर्धा सोडल्यावर रेनीला परतायला स्वतःची जागा होती. ती क्लिअरव्ह्यूवर शिकवू लागली, भाऊ लॅरी गवताची निगा राखू लागला. 2011 पासून तिथे सैन्यातून निवृत्त झालेल्या स्त्रियांना गोल्फ शिकवले जाते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या 1754 पासूनच्या क्लबने स्त्रियांना सभासद करण्याचा ठराव केला तो 2014 साली. पुढच्या वर्षी त्यांनी रेनीला मानद सभासदत्व दिले. तोपर्यंत क्लिअरव्ह्यूचे फाटक सर्वांसाठी उघडे होऊन 67 वर्षे झाली होती.