किल्ट: बंदीतून पलटणीत, पलटणीतून बाजारात

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल. विषय आहे स्कॉटलंडच्या पुरुषांचा किल्ट. आपल्याकडे किल्ट म्हटलं की बॅगपाइप वाजवणारा माणूस आठवतो आणि पाठोपाठ 'पुरुषाचा स्कर्ट' ही थट्टा येते. मी पायदळात नोकरी केली. आमच्या पलटणीत पाइप बँड होता, वादकांच्या खांद्यावरून चौकड्यांचं लोकरी कापड सोडलेलं असे. त्याला टार्टन म्हणतात. ते आपल्याकडे ब्रिटिश फौजेतून आलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण ब्रिटिश फौजेत ते का टिकलं, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती सांगायची तर सुरुवात डोंगरातल्या गुराख्यापासून करायला हवी.

स्कॉटलंडचा उत्तर-पश्चिम डोंगराळ भाग म्हणजे हायलँड्स. तिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुरुष एक अखंड मोठं कापड नेसत. साधारण पाच मीटर लांब, दीड मीटर रुंद. हातमागाचा पन्हा लहान, म्हणून दोन पट्टे शिवून रुंदी केलेली. कंबरेखाली चुण्या, वर पट्टा आवळलेला, उरलेलं कापड खांद्यावर. पाऊस आला की डोक्यावर घ्यायचं, रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. गेलिक भाषेत त्याचं नाव 'फेला मोर', म्हणजे मोठा किल्ट. ओढे ओलांडायचे, चिखल तुडवायचा, तर गुडघे उघडे असलेलेच बरे. थोडक्यात, हा कामाचा कपडा होता. आपल्या धोतरासारखा अन् घोंगडीसारखा, दोन्ही एकात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वरचा भाग वेगळा होऊन फक्त कंबरेखालचा 'फेला बेग', म्हणजे छोटा किल्ट, रुळला. याचं श्रेय रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदाराला देणारी एक कथा आहे. आपल्या कामगारांना भट्टीपाशी सोयीचं पडावं म्हणून त्याने तो कापला म्हणे. स्कॉटिश माणसासमोर ही कथा जपूनच सांगावी.

मग आलं १७४५. स्ट्यूअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स गादीसाठी उतरला, हायलँड्समधली अनेक कुळं त्याच्यामागे गेली. १६ एप्रिल १७४६ रोजी इन्व्हरनेसजवळ कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत सगळं संपलं. सरकारी फौजेच्या तोफांपुढे तलवारी घेऊन धावलेली माणसं शेकड्यांनी पडली. मी ते मैदान पाहिलं आहे. ओली, सपाट, पाणथळ जमीन. हल्ल्यासाठी इतकी वाईट जागा कोणी निवडली असेल, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

लंडनच्या संसदेने त्याच वर्षी हत्यारबंदीचा कायदा केला आणि त्यात कपड्यांचं कलम घातलं. किल्ट, प्लेड, टार्टनचा कोट, हे सगळं पुरुषाने किंवा मुलाने अंगावर घालायचं नाही. पहिल्या वेळी सहा महिने कैद, जामीन नाही. दुसऱ्या वेळी सात वर्षं समुद्रापार मळ्यांवर रवानगी. बायका कायद्यातून सुटल्या. आणखी एक वर्ग सुटला. राजाच्या फौजेतले अधिकारी आणि जवान.

लोकांनी वाटा काढल्या. पुढे ४२व्या हायलँडर पलटणीत अधिकारी झालेल्या डेव्हिड स्ट्यूअर्टने १८२२ च्या आपल्या ग्रंथात १७५७ मधला एक खटला नोंदवला आहे. पकडलेल्या माणसाचा किल्ट मधोमध टाका घालून शिवलेला निघाला. म्हणजे ती विजारच झाली! आरोपी सुटला.

आता फौजेची ती सवलत पाहा. मी नोकरीत असंख्य आदेश वाचले, त्यामुळे एखाद्या कलमात सवलत कुठे ठेवली आहे हे आधी बघायची सवय लागली आहे. घरी राहून किल्ट घातलास तर तुरुंग. राजाचा पगार घेऊन घातलास तर शाबासकी. बंडखोर डोंगरी मुलुखातले तरणे पोर साम्राज्याच्या कामाला लावायचे होते आणि त्यांचा स्वाभिमान ज्या कपड्यात होता, तोच सरकारने वर्दी केला. १७५७ मध्ये उभी राहिलेली फ्रेझर्स हायलँडर्स ही पलटण दोन वर्षांनी क्वेबेकला लढली. कलोडनला ज्यांच्या कुळांवर गोळ्या झाडल्या, त्यांच्याच घरांतली ही मुलं. भरतीचं असं गणित पुढे आपल्याकडे पंजाबातही मांडलं गेलं, ते जाणकारांना ठाऊक आहे.

या पलटणी आपल्या इतिहासातही येतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीकडे ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी होत्या. दोघींनी पुढे निशाणावर हत्ती मिरवला. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेवर चढलेली ९३वी पलटण तर किल्टमध्येच होती. वर मात्र चीनच्या मोहिमेसाठी दिलेले तपकिरी कोट, कारण निघाली होती चीनला आणि वळवली गेली आपल्याकडे.

बंदी १७८२ मध्ये उठली. कलोडनच्या वर्षी जन्मलेला मुलगा तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. त्याने बापाला किल्टमध्ये पाहिलं नव्हतं, स्वतः नेसला नव्हता. गरिबांच्या घरात तो परत आलाच नाही. आला तो वरच्या मजल्यावर. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने समारंभ आखला आणि जाडजूड राजा किल्टमध्ये अवतरला, खाली कातडीच्या रंगाचे तंग मोजे घालून. बॅनकबर्नचे विल्सन नावाचे विणकर 'तुमच्या कुळाचं टार्टन' विकत होतेच. आणि याच काळात हायलँड्समध्ये मेंढ्यांना कुरणं हवीत म्हणून जमीनदार कुळांना घराबाहेर काढत होते. ज्यांचा कपडा होता ते बोटीत बसून कॅनडाला, आणि कपडा दरबारात.

म्हणून काही इतिहासकार म्हणतात, किल्टची परंपरा हे एकोणिसाव्या शतकातलं नाटक आहे. मला हे अर्धंच पटतं. कुळागणिक टार्टन हा बराचसा व्यापार, हे खरं. पण प्रत्येक पलटणीची परंपरा कधीतरी कुणीतरी ठरवलेलीच असते. ती खरी होते ती तिच्यासाठी माणसं मेल्यावर. पहिल्या महायुद्धात किल्टवर खाकी आवरण बांधून हायलँडर खंदकात उभे राहिले. चुण्यांमध्ये उवा होत, ओल्या कापडाची कड थंडीत कडक होऊन गुडघ्यामागे कापत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला किल्ट रणांगणावरून मागे घेतला गेला आणि उरला कवायतीपुरता. नागरिकांमध्ये लग्नापुरता, आणि फुटबॉल सामन्यापुरता.

पण थोडी माणसं तो रोज घालतात. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं स्कॉटलंडला गेलो होतो. कलोडनहून इन्व्हरनेसला परतताना बसमध्ये माझ्या शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले. विटलेला किल्ट, जाड मोजे, चिखल लागलेले बूट, मांडीवर पिशवी. मी विचारलं, "आज काही समारंभ आहे का?" ते म्हणाले, "हो, घरातले बटाटे संपले होते."

निवृत्तीनंतर त्यांनी पँट जवळपास सोडली होती. लोकर गरम, पाय मोकळे, आणि एक किल्ट नीट शिवला तर जन्मभर पुरतो. साधारण आठ वार कापड चुण्यांमध्ये जातं, त्यामुळे पोट वाढलं तर पट्टे सरकवायचे आणि भागवायचं. त्रास एकच, ते म्हणाले. प्रवासी फोटो मागतात आणि आत काय घातलं आहे ते विचारतात. मी घाईघाईने सांगितलं की मी विचारणार नव्हतो.

पुढच्या थांब्यावर एक तरुण चढला. त्याचाही किल्ट, पण जाड सुती, एकरंगी, दोन्ही बाजूंना मोठे खिसे. असे किल्ट २००० साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या एका कंपनीने आणले. मला वाटलं, म्हातारबुवा नाक मुरडतील. पण दोघांनी एकमेकांच्या किल्टकडे पाहिलं, मान किंचित लववली, बस्स. "ओळखीचा?" मी विचारलं. "नाही. पण घालणारा भेटला की एवढं करायचं. त्यालाही सकाळपासून चार जणांनी लग्न कुणाचं म्हणून विचारलं असेल."

रेल्वे फलाटावर एखाद्याची चाल आणि केस पाहून आपण "कोणती पलटण, साहेब?" विचारतो, तेव्हा नेमकं हेच होतं. मला ते लगेच कळलं, पत्नीला समजावून सांगावं लागलं.

आपल्याकडेही कपड्याबद्दल कायदा झाला आहे, उलट्या दिशेचा. २०१४ मध्ये चेन्नईतल्या एका क्लबने वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना दारातून परत पाठवलं. महिन्याभरात तमिळनाडू विधानसभेने कायदा केला की अशा जागी वेष्टीवाल्याला अडवायचं नाही. तिथे वेष्टी अजून बाजारात, बसमध्ये, कचेरीत दिसते, म्हणून कुणी अडवलं तर राग येणारी माणसं शिल्लक आहेत.

आपल्या धोतराला कुणी बंदी घातली नाही, तरी ते गेलं. माझे आजोबा धोतरात शेतावर जात, कासोटा वर खोचून पाटाच्या पाण्यात उतरत. आता मंगल कार्यालयात शिवलेलं, वेल्क्रो लावलेलं धोतर दोन तास मिरवून खोक्यात जातं. मराठी घरं इंदूर, बडोदा, तंजावर, कुठे कुठे पसरली आहेत. तुमच्या गावात धोतर नेसून रोजची भाजी आणायला जाणारे कुणी असतील, तर मला जरूर कळवा. वय आणि व्यवसाय लिहा, नाव नको. आणि तसे दोघं समोरासमोर आले तर काय करतात, हेही पाहून ठेवा.