अंगठ्याचं माप आणि घरातली बाब

आज आधी आमची एक चूक दुरुस्त करायची आहे.

इंग्रजीत ‘रूल ऑफ थम’ म्हणतात. थम म्हणजे अंगठा. काटेकोर न मोजता अनुभवाने ठरवलेला ढोबळ नियम, असा त्याचा अर्थ. मागे आम्ही सांगितलं होतं, की अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारायची मुभा इंग्रजांच्या कायद्यात होती, त्यावरून हा शब्द आला. ऐकीव गोष्ट आम्ही तपासली नव्हती. ती खरी नाही.

हा शब्द सतराव्या शतकापासून छापील इंग्रजीत आहे. तिथे तो अंदाजाने बांधकाम करणाऱ्यांबद्दल येतो, बायकोबद्दल नाही. आपण नाही का, तांदळावर बोटाचं एक पेर पाणी ठेवत!

मग काठी आली कुठून? १७८२ साली इंग्लंडमधले न्यायाधीश फ्रान्सिस बुलर असं काही बोलल्याची चर्चा झाली. त्यांच्या कुठल्याही निकालात ते सापडत नाही. पण व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी त्यांना काठ्यांच्या मोळ्या विकताना दाखवलं आणि ‘जज थम’ हे नाव चिकटलं.

खरी गोष्ट याहून बोचरी आहे. १८६८ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, बायकोला छडीचे तीन फटके मारणारा एक नवरा कोर्टापुढे आला. छडी अंगठ्याहून बारीक, म्हणून खालच्या कोर्टाने त्याला सोडलं. वरच्या कोर्टाने अंगठ्याचं माप मानलं नाही, तरी नवरा सुटलाच. कारण काय, तर ही घरातली बाब! १८७४ साली त्याच कोर्टाने, नवऱ्याला मारण्याचा हक्कच नाही, असं सांगितलं. पण मोठी इजा नसेल तर पडदा ओढून घेतलेला बरा, हेही जोडलं.

म्हणजे बायकांना अडवलं ते अंगठ्याने नाही, उंबऱ्याने.

आपल्याकडे २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा झाला. मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची अडवणूकही त्यात हिंसाच आहे. तो काठीची जाडी विचारत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘घरातली बाब आहे’ म्हणालं, तर मैत्रिणींनो, गप्प बसू नका.