पाण्यातली शीव

मंडळी, रत्नागिरीत बसून समुद्रावर बोलायचं म्हणजे जपूनच बोलावं लागतं. इथे ऐकणाऱ्याला समुद्र जास्त माहीत असतो! म्हणून आज मी बोलणार आहे ते समुद्रातल्या एका रेषेच्या इतिहासाबद्दल.

शेताला बांध असतो, गावाला शीव असते, तशी पाण्यालाही शीव असते. एका बाजूला गार, जड पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोमट, हलकं. दोन्ही भिडतात, पण लगेच मिसळत नाहीत. मध्ये फेस, काटक्या, कचरा यांची लांब ओळ दिसते. शास्त्रज्ञ या शिवेला 'फ्रंट' म्हणतात. हा शब्द मूळचा रणांगणावरचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गेनच्या हवामानशास्त्रज्ञांनी तो हवेसाठी घेतला आणि पुढे तो समुद्रासाठीही रूढ झाला. जपानी मच्छीमारांकडे मात्र स्वतःचा शब्द होता, 'शिओमे'. मिचिताका उदा यांनी १९३८ साली आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच तो शब्द घेतला. म्हणजे बघा, हे ज्ञान होडीतून प्रयोगशाळेत गेलं.

तिथे मासळी का जमते? शिवेवर पाणी वरखाली होतं. खालचं नायट्रेटसारखं खत उजेडात येतं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती झपाट्याने वाढतात. त्यांना बारीक प्राणिप्लवक खातात आणि त्यांच्या मागे तारली, बांगडा येतो. पण या वनस्पतींच्या अन्नातला मोठा वाटा पाण्यात विरघळून जातो. तो कोण खातं? जिवाणू. समुद्राच्या वरच्या थरातल्या एका लिटर पाण्यात ते साधारण शंभर कोटी असतात. जिवाणूंना त्यांच्याहून थोडे मोठे सूक्ष्मजीव खातात आणि हरवलेलं अन्न पुन्हा साखळीत येतं. लाहोरला जन्मलेले फारुक आझम आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली हे चक्र नीट मांडलं.

आता आपल्या अरबी समुद्राकडे या. १९३३-३४ मध्ये 'माबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम इथे आली. मधल्या खोलीवर प्राणवायू फारच कमी असलेला जाड थर तिला आढळला. त्यामागेही जिवाणूच आहेत. वर पिकलेलं मरून खाली पडतं आणि ते कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात. पावसाळ्यात केरळ ते गोवा किनाऱ्यालगत असं पाणी वर सरकतं. उत्तरेकडे हा जोर मंदावतो. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिलं की आपल्या उथळ किनारपट्टीवरही प्राणवायू संपतो. मग तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास भागवतात आणि नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू हवेत जातो. म्हणजे जे पाणी खत घेऊन वर येतं, तेच घुसमटही घेऊन येतं.

२६ मे १९९९ रोजी 'ओशनसॅट-१' अवकाशात गेला आणि समुद्राचा हिरवा रंग वरून मोजू लागला. आज हैदराबादची 'इन्कॉइस' पाण्याचं तापमान आणि हा रंग जुळवून शीव शोधते. बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर मासळी मिळू शकेल, ते मराठीतही कळवते. होडीतून गेलेलं ज्ञान असं होडीत परत आलं.

पण उपग्रहाला मासा दिसत नाही, हे लक्षात ठेवा. त्याला दिसतो तो सूक्ष्म वनस्पतींचा रंग. ढग आले की तोही दिसत नाही. रंग उमटल्यावर त्यावर मासळी जमायला काही दिवस लागतात, तोवर शीव टिकावी लागते. आणि पूर्वी अनुभवी तांडेलालाच ओळखू येणारी रेषा आता सगळ्यांच्या हाती आहे. छोटी होडी तिथे पोचेपर्यंत मोठ्या यांत्रिक बोटीचं जाळं पडलेलं असतं. डिझेल वाचवायला दिलेली माहिती मासळीचा थवाच्या थवा उचलायला वापरली, तर पुढच्या वर्षी शीव असेल, हिरवा रंग असेल, फक्त तो खायला येणारं कोणी नसेल.

ती रेषा म्हणजे सूक्ष्मजीवांनी मांडलेली पंगत आहे. पंगतीत कोणी किती वाढून घ्यायचं, हे उपग्रह सांगत नाही. ते आपल्यालाच, बंदरावर बसून ठरवावं लागेल.