खारघर : बारा वाजण्याआधी

रविवार, १६ एप्रिल २०२३. नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर ज्येष्ठ निरूपणकार अप्पासाहेब धर्माधिकारी यांना केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला गेला. त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, जमले होते. मंचावर छत होतं, समोरच्या मैदानावर नव्हतं. कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. उष्माघाताने चौदा माणसं गेली.

पुण्यात, आमच्या शनिवार पेठेत, तेव्हा जो तो एकच विचारत होता : अडतीस अंशांत माणसं मरतात कशी? प्रश्न रास्त होता. चारच वर्षांपूर्वी, २८ एप्रिल २०१९ ला, शिवाजीनगरला पारा ४३ वर गेला होता आणि पुणं दुसऱ्या दिवशी कामाला लागलं होतं. उत्तर हवामानखात्याच्या आकड्यात सापडत नाही, ते पेशीत शोधावं लागतं. पुढचा क्रम मैदानावरच्या कुणा एका व्यक्तीचा नाही. उष्माघात शरीरात ज्या वाटेने पुढे सरकतो, ती वाट त्या दिवसाच्या घड्याळावर मांडली आहे.

शनिवार, रात्र

राज्याच्या कानाकोपऱ्यातून गाड्या निघालेल्या. कित्येक जण आदल्या दिवशीच पोचलेले. अर्धवट झोप, वेळी-अवेळी खाणं, बेताचं पाणी. मोठ्या गर्दीत स्वच्छतागृह लांब असलं की बायका पाणी पिणंच टाळतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही मेळाव्यात दिसतं. शरीरातलं पाणी घटलं की रक्ताचं आकारमान घटतं, आणि उद्याची सगळी लढाई या रक्तावरच लढायची आहे.

सकाळी ८

ऊन अंगावर आलं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता रक्ताबरोबर बाहेर आणली जाते, घाम सुटतो. पण खारघर खाडीकाठी आहे आणि हवा दमट. घाम वाळला तरच अंग थंड होतं. नुसता ओघळून गेला तर पाणी जातं, मीठ जातं, उष्णता तिथेच राहते. पुण्याच्या कोरड्या ४३ अंशांत आणि खाडीकाठच्या ३८ अंशांत हाच फरक आहे.

त्वचेकडे वळवलेलं रक्त कुठून तरी काढावं लागतं. ते आतड्यांकडून काढलं जातं. आत्ता कुणाला काही जाणवत नाही.

सकाळी १०

शरीराच्या गाभ्याचं तापमान ३९ च्या दिशेने निघालं आहे. प्रथिनांवर ताण येतो तो इथून.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक पद्धतीने घडी होऊन बसली तरच कामाची. ही घडी फार नाजूक बंधांनी धरलेली असते, आणि दोन-तीन अंशांच्या वाढीने ते बंध ढिले पडू लागतात. घडी उलगडली की एरवी आत लपलेले, पाण्याला बिचकणारे भाग उघडे पडतात आणि एकमेकांना चिकटतात. नासलेल्या दुधाच्या गुठळ्या होतात तसंच हे आहे.

पेशीकडे यावर उपाय आहे. १९६२ मध्ये इटलीत फेरुच्चिओ रितोस्सा यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवर, तापमान वाढताच, अनपेक्षित जागी फुगवटे दिसले होते. पेशी उष्णतेला उत्तर म्हणून ठरावीक जनुकं चालू करते, हे त्यातून कळलं. त्या जनुकांपासून बनणारी ‘हीट शॉक’ प्रथिनं उलगडलेल्या प्रथिनांना धरून पुन्हा घडीवर बसवतात. यांतलं पहिलं पाऊल काही मिनिटांतच पडतं, पण पुरेशी कुमक जमायला काही तास लागतात. ऊन तितके तास देत नाही.

सकाळी ११

भजन चालू असेल, भाषण चालू असेल, माणूस मांडी घालून ऐकत असेल. शेजाऱ्याला त्याच्याकडे बघून काहीही कळणार नाही. या तासावर मी मुद्दाम थांबतो, कारण उष्माघाताची माहितीपत्रकं इथून न थांबता पुढे जातात.

पेशीत आंतर्द्रव्यजालिका नावाचा भाग असतो. पेशीबाहेर पाठवायची आणि पेशीच्या पडद्यात बसवायची प्रथिनं इथे घडीवर बसतात. तिथे बीआयपी नावाचं एक राखणदार प्रथिन असतं. एरवी ते जालिकेच्या पडद्यातल्या तीन संवेदकांना बिलगून त्यांना शांत ठेवतं : आयआरई१, पर्क आणि एटीएफ६. उलगडलेल्या प्रथिनांचा ढीग वाढला की बीआयपी त्यांच्याकडे धावतं आणि संवेदक मोकळे होतात. ही यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी यांना २०१४ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

मोकळे झालेले संवेदक आधी पेशीला वाचवायलाच बघतात. पर्क नव्या प्रथिनांची निर्मिती आवरतं, म्हणजे ढिगात भर पडू नये. उपाय शहाणपणाचा, पण त्याची किंमत मोठी आहे. दाह सुरू करणारा एनएफ-कप्पा-बी हा घटक एरवी एका दुसऱ्या प्रथिनाने बांधून ठेवलेला असतो. हे बांधणारं प्रथिन अल्पायुषी असतं, सतत नवं बनवावं लागतं. निर्मिती थांबली की पहिल्यांदा तेच संपतं. तिकडे आयआरई१ दुसऱ्या बाजूने त्याच घटकाला चालना देतं. सुटलेला एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतो आणि दाहाची जनुकं चालू करतो. इंटरल्यूकिन-६, टीएनएफ असे सायटोकाइन, म्हणजे दाहाचे निरोप नेणारे रेणू, रक्तात उतरू लागतात.

कुठलाही जंतू आलेला नाही. घडी विस्कटलेल्या प्रथिनांनीच दाह पेटवला आहे. आणि माणूस अजून कार्यक्रम ऐकतो आहे.

दुपारी १२

आतड्याच्या अस्तरावर आता दुहेरी मार आहे : उष्णतेचा आणि रक्त तोडल्याचा. प्राणवायू आणि साखर कमी पडली की आंतर्द्रव्यजालिकेवरचा ताण आणखी वाढतो. अस्तरातल्या पेशींना जोडणारे सांधे सुटतात. आतड्यातल्या जीवाणूंच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, यकृताच्या वाटेने रक्तात येतात. यकृतही तापलेलं, त्यालाही रक्त अपुरं, त्यामुळे गाळणी पुरी पडत नाही. आधीच्या दाहात हा नवा दाह मिसळतो.

दुपारी १

कार्यक्रम संपला. इतके तास बसलेली माणसं एकदम उठली, चालू लागली. स्नायूंनी स्वतःची उष्णता त्यात घातली, उभं राहताच रक्त पायांत उतरलं, रक्तदाब कोसळला. गाभ्याचं तापमान ४० च्या वर. बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो, शुद्ध हरपते. ४० च्या वर गेलेलं तापमान आणि मेंदूचा असा बिघाड, याला उष्माघात म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आत्ता सुरुवात झाली.

दुपारी दीड

हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा. सावली, अंगावरचे जादा कपडे काढणं, थंड पाणी ओतत राहणं, वारा, काखेत-जांघेत-मानेवर बर्फ. आधी थंड करणं, मग हलवणं. अर्ध्या तासात ताप ३९ च्या खाली आला तर बहुतेक माणसं वाचतात. पॅरासिटामोलचा इथे उपयोग नाही, कारण मेंदूने मुद्दाम चढवलेला हा ताप नव्हे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जातं.

रात्र, आणि पुढचे दिवस

रुग्णालयात ताप उतरतो. नातेवाईकांना हायसं वाटतं. पण दाह थर्मामीटरबरोबर उतरत नाही. मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेले घटक त्याला खतपाणी घालतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी सुजतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंडं थकतात. यकृताची इजा तर दोन-तीन दिवसांनी शिखर गाठते. अब्देररझाक बुशामा आणि जेम्स नॉकेल यांनी २००२ मध्ये उष्माघाताची जी व्याख्या मांडली, तिच्यात वाढलेल्या तापमानाबरोबर सर्वांगाच्या दाहाला मानाची जागा आहे ती म्हणूनच. खारघरचा आकडा सोमवार उजाडेपर्यंत अकरा होता. आठवडा संपण्याआधी तो चौदा झाला.

मृतांच्या कुटुंबांना पाच लाखांची मदत जाहीर झाली, एकसदस्यीय समिती नेमली गेली. दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम होणार नाहीत, असं मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी सांगितलं. निर्णय योग्य दिशेचा होता आणि अपुरा होता. ज्यांना आठपासून उन्हात बसवलं, त्यांच्या पेशींत बारा वाजेपर्यंत दाह सुरू झालेला असतो. बंधन लोकांना उन्हात बसवण्यावर हवं, आणि ते सकाळपासून हवं.

पेठेतल्या लोकांना वेगळं सांगायचं आहे. जाड मातीच्या भिंतींचे वाडे गेले, स्लॅबखालचे वरचे मजले आले. मेहुणपुऱ्यापासून ओंकारेश्वरापर्यंत कितीतरी खोल्यांत एकटी म्हातारी माणसं राहतात, मुलं परदेशी. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी त्यांची घामाची आणि रक्ताची शिल्लक आधीच कमी असते. स्लॅब रात्रभर तापलेला राहिला तर पेशींना घड्या नीट करायला गार वेळच मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या आजींचं दार दुपारी बारानंतर नव्हे, सकाळी दहाला वाजवा. पाणी प्यायल्या का ते विचारा, दुपारपुरतं त्यांना खालच्या मजल्यावर बोलवा. आणि बोलण्यात जरासा जरी गोंधळ वाटला, तरी रुग्णवाहिकेला १०८ वर फोन लावता लावता बादलीभर पाणी त्यांच्या अंगावर ओता.